मादामच्या बागेतला मरवा

"गवतावर पाय ठेवायचा नाही. फुलाला हात लावायचा नाही. मोठ्याने हसायचं नाही. आणि श्रीप्या, तू तर बोलूच नकोस," मध्या म्हणाला.

आम्ही अजून गाडीतून उतरलोसुद्धा नव्हतो.

"श्वास घ्यायचा का?" मी विचारलं.

"घे. पण आवाज न करता."

मागच्या सीटवर माझी बायको इंदू फिस्सकन हसली. तिच्या शेजारी बसलेल्या सुनंदावहिनी, म्हणजे मध्याची बायको, हसल्या नाहीत. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, गाड्या लावायची जागा होती.

मध्या म्हणजे मधुसूदन खासनीस. मिरजेच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसून एकाच मास्तरांच्या छड्या खाल्ल्या. त्यात माझ्या वाटच्या निम्म्या त्याला बसायच्या, कारण थापा मी मारायचो आणि त्या तो खऱ्या धरून वर्गात सांगायचा. पुढे मी एसटीत कंट्रोलर झालो आणि तो फ्रान्सला एका रबराच्या कारखान्यात साहेब झाला. तिकडेच राहिला, तिकडेच निवृत्त झाला. आमच्या मुलीने हौसेने आम्हा दोघांची तिकिटं काढली, म्हणून आम्ही उतारवयात त्याच्या दारात जाऊन उभे राहिलो. माझं निम्मं बोलणं इंदू वजा करूनच ऐकते, तेव्हा वाचणाऱ्यानेही करायला हरकत नाही. पण ही हकीकत वजाबाकी न करता खरी आहे.

त्याच्या घरापुढे बाग होती. बाग म्हणजे पांढरी खडी आणि तीत उभी केलेली चार गोल झुडपं. दर रविवारी मध्या गुडघ्यांखाली उशी घेऊन बसायचा, सुतळी लावून मापं घ्यायचा आणि एकेक पान कातरून झुडपाचा लाडू वळायचा. पहिल्या रविवारी मी म्हणालो, "मध्या, बुंदीचा होईल रे, जरा तूप घाल." तेव्हापासून तो माझ्याशी जपून बोलत होता.

त्या दिवशी तो आम्हाला ल्वार नदीकाठच्या एका वाड्याच्या बागा दाखवायला घेऊन आला होता. वाड्याचं नाव असं, की लिहिताना बारा अक्षरं लागत आणि म्हणताना त्यातली नऊ गिळावी लागत. मध्या ती फार सुंदर गिळायचा.

"हे बघ," फाटकातून आत शिरल्यावर तो म्हणाला, "ह्याला म्हणतात बाग. चारशे वर्षांची शिस्त."

समोर झाडंच झाडं होती, पण एकही झाड झाडासारखं नव्हतं. कुणी शंकूसारखं, कुणी खोक्यासारखं, कुणी बुद्धिबळातल्या प्याद्यासारखं. सगळी एका उंचीची, एका ओळीत, मान ताठ करून. आमच्या डेपोत मंत्री यायचा असला की ड्रायव्हर-कंडक्टर असे उभे राहायचे.

"ह्यांनी गुन्हा काय केलाय?" मी विचारलं.

"कुणी?"

"ह्या झाडांनी. ते सफरचंदाचं बघ, दोन्ही हात तारेला बांधून भिंतीपाशी उभं केलंय. गोळी कधी घालणार?"

"ती कला आहे, श्रीप्या. तुझ्यासारख्याला नाही कळायची. आपल्याकडे काय, बी फेकलं की झालं. उगवलं तर उगवलं, म्हशीने खाल्लं तर खाल्लं."

"आमच्या मागच्या अंगणातल्या जास्वंदीखाली पाच म्हशी सावलीला बसतात," मी म्हणालो.

"दोन," इंदू मागून म्हणाली.

त्या जास्वंदीबद्दल सांगायला हवं. ती इंदूने एका बड्या साहेबाच्या बंगल्यातून पदराआड काडी मोडून आणली होती. इंदूची ख्यातीच आहे. ती कुणाकडे हळदीकुंकवाला जाऊन आली, की त्या घरची एखादी कुंडी फांदीभर हलकी होते. चोरून आणलेलं रोप जोमाने लागतं आणि विकत आणलेलं रुसतं, हे आमच्याकडच्या बायकांचं वनस्पतिशास्त्र. म्हणून मध्याने गाडीतले सगळे नियम सांगून झाल्यावर इंदूकडे वळून वेगळं सांगितलं होतं, "वहिनी, हात जोडतो. आज नको."

आज नको, कारण आजचा दिवस मोठा होता. ह्या बागेचं एक मंडळ होतं. त्याच्या अध्यक्षा मादाम दलोर्म. हे मंडळ दर उन्हाळ्यासाठी बाग दाखवणारा एक मानाचा मार्गदर्शक नेमत असे. पगार नाही, पण कोटाला लावायला पितळी बिल्ला. मध्या कित्येक वर्षं त्या बिल्ल्याच्या मागे होता. बागेची पुस्तकं त्याने पाठ केली होती, मंडळाच्या प्रत्येक व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसून मान हलवली होती. आज दुपारी मादामने चहाला बोलावलं होतं, आणि बिल्ला कुणाला ते आजच ठरणार होतं. "तुमचे भारतातले मित्र आलेत तर त्यांनाही आणा," असं तिनेच सांगितलं, नाहीतर मध्याने आम्हाला घरीच खडीवर बसवलं असतं.

मध्या पुढे जाऊन एका कारंज्याचा इतिहास कारंज्यालाच सांगू लागला, तेव्हा आम्ही तिघं बाकावर टेकलो.

"भावोजी," सुनंदावहिनी एकदम म्हणाल्या, "त्यांना तो बिल्ला मिळू नये असं वाटतं मला. पाप लागेल का हो?"

"कारण कळलं तर हिशेब करून सांगतो."

"निवृत्त झालो की मिरजेला जायचं, असं ठरलं होतं आमचं. घर आहे, कुलूप लावून ठेवलंय. निवृत्त झाले, तर म्हणाले, एक हिवाळा थांबू. मग म्हणाले, बिल्ल्याचं काय होतं ते बघू. आता मिळाला तर दर उन्हाळ्यात बाग दाखवणार आणि दर हिवाळ्यात पाठांतर करणार. मग मी इथेच."

"इथे वाईट काय आहे, सुनंदा?" इंदूने विचारलं.

"वाईट काही नाही, इंदूताई. पण एवढ्या वर्षांत ह्यांच्याबरोबर जिथे गेले तिथे सगळे ह्यांच्याशी बोलले. माझ्याकडे बघून नुसते हसले. मीही हसले. गालात गोळे येतात."

"पण तुम्हाला फ्रेंच येतं ना?"

"येतं की. विचारतंय कोण?"

तेवढ्यात मध्याने टाळी वाजवून आम्हाला बोलावलं, शाळेच्या सहलीला बोलावतात तसं.

मग त्याने आम्हाला भाजीची बाग दाखवली. कोबी! जांभळा कोबी, निळसर कोबी, हिरवा कोबी, चौकोनात लावलेला, भोवती कुंपण, आणि लोक फोटो काढतायत. मी म्हणालो, "मिरजेच्या मंडईत हेच दाखवतात, वर कोथिंबीर फुकट." मध्या ऐकलं न ऐकल्यासारखं करून पुढे गेला. कोपऱ्यावर औषधी आणि वासाच्या झाडांचा एक वाफा होता. तिथे सुनंदावहिनी थांबल्या. वाकल्या. एका बारीक, करड्या-हिरव्या पानांच्या झुडपावरून त्यांनी तळहात हलकेच फिरवला आणि तो नाकाशी नेला.

"मरवा," त्या म्हणाल्या. "इंदूताई, मरवा!"

खरंच मरवा होता. मिरजेच्या बाजारात फुलवाल्या अबोलीच्या गजऱ्यात ओवतात तोच. इथे त्याच्यापुढे लॅटिन नावाची पाटी लावून त्याला पार परका करून टाकला होता.

"हात लावू नकोस!" मध्या ओरडला, मग आजूबाजूला बघून आवाज खाली आणून म्हणाला, "अगं, बाजारात ढिगाने मिळतो."

"तीनदा आणला," वहिनी म्हणाल्या. "विकत आणलेला लागत नाही."

हे त्या मध्याकडे बघत म्हणाल्या. मध्या कारंज्याकडे बघू लागला. मला नंतर इंदूकडून कळलं, की तीनही वेळा तो चांगला तरारला होता आणि तीनही वेळा रविवारी कात्री फिरली होती. मरव्याचा लाडू वळत नाही, म्हणून.

चहा होता तो एका लांबलचक काचेच्या खोलीत. पूर्वी थंडीत संत्र्याची झाडं ह्या खोलीत आणून ठेवायचे म्हणे. आता उन्हाळा होता, झाडं बाहेर आणि माणसं आत शिजत होती. टेबलाच्या टोकाला मादाम दलोर्म. वय माझ्याहून जास्त, गळ्यात मोत्यांची सर, डोक्यावर गवती हॅट, हातात काठी. नाक असं लांब आणि पातळ, की ते आधी खोलीत येत असावं आणि बाकीची मादाम मागून. तिच्या बशीपाशी निळ्या मखमलीवर तो पितळी बिल्ला ठेवलेला होता. मध्या बिल्ल्याकडे बघत नव्हता, पण ते न बघणं सगळ्यांना दिसत होतं.

मादामने मला काहीतरी विचारलं.

"बाग कशी वाटली, विचारतायत," मध्या म्हणाला. "थोडक्यात सांग."

मी सांगितलं, "त्यांना म्हणावं, झाडं फार सालस आहेत. आमच्याकडे असं भादरलेलं बकरं असतं, लग्नाआधी. म्हणावं, एखाद्या झाडाला चुकून मनासारखी फांदी फुटली तर त्याला जेवायला देता की उपाशी ठेवता?"

मध्याने स्मित केलं आणि एकच शब्द म्हटला.

"एवढ्यात झालं?"

"फ्रेंच भाषा संक्षिप्त आहे."

सुनंदावहिनी खाली बघून चमचा ढवळत होत्या. त्यांच्या कपात साखर नव्हती.

आणि मग तो वास आला.

बंद काचेची खोली, वर ऊन. आधी वाटलं चहाचाच वास. पण नाही. मरवाच. क्षणभर मी मिरजेच्या बाजारात उभा होतो. मादामचं नाक वर झालं, डावीकडे गेलं, उजवीकडे आलं आणि आमच्या बाजूवर स्थिर झालं. तिने कप खाली ठेवला आणि काहीतरी विचारलं. टेबलाभोवतीची मंडळी आमच्याकडे वळली.

मी टेबलाखालून इंदूच्या पायावर पाय दिला. "कुठे ठेवलायस?"

"देवाशपथ, मी नाही," ती कुजबुजली. "माझ्याकडे गुलाबाची काडी आहे. मरवा नाही."

मध्या उभा राहिला. तो बोलू लागला, भराभर, गोड आवाजात, आणि बोलताना त्याने हात केला तो माझ्याकडे आणि इंदूकडे. मला फ्रेंच येत नाही. पण एसटीत इतकी वर्षं काढल्यावर, माणूस आपल्यावर ढकलतोय हे कळायला भाषा लागत नाही.

मला वाटलं, इंदूचं नाव यायला नको. शिवाय थाप मारायची संधी मी कधी सोडली नाही. मीही उभा राहिलो.

"मध्या, भाषांतर कर," मी म्हणालो. "मादाम, चोर मी. पण दोष मरव्याचा. आमच्या मिरजेचा मरवा फार मायाळू. ओळखीचं माणूस दिसलं की मुळासकट उडी मारून खिशात येतो. आमच्या आजोबांच्या लग्नात मरव्याचा एक अख्खा वाफा वरातीमागून चालत गेला होता, नवरीच्या घरापर्यंत. लोकांनी वाट मोकळी करून दिली."

"मी हे सांगणार नाही," मध्या दातांतून म्हणाला.

"मी सांगते."

सुनंदावहिनी उभ्या राहिल्या होत्या. आणि बाई फ्रेंच बोलू लागल्या! मध्या फ्रेंच बोलायचा तेव्हा परीक्षेला बसल्यासारखा वाटायचा. ह्या बोलत होत्या ओट्यावर बसून शेजारणीशी बोलावं तशा. वरात बोटांनी टेबलावर चालवून दाखवली. टोकाला बसलेला एक टकला म्हातारा हसता हसता ठसकला. मादाम हसली नाही, पण काठी बाजूला ठेवून पुढे वाकली.

मग वहिनींनी केसांवरचा रेशमी रुमाल सोडला. हात मागे नेला, आणि अंबाड्यात खोचलेली मरव्याची डहाळी काढून मादामच्या बशीत ठेवली. बिल्ल्याच्या शेजारी.

पुढे त्या जे बोलल्या ते बोलून झाल्यावर आमच्याकडे वळल्या.

"भावोजी, इंदूताई, तुम्हाला कळायला हवं. मघाशी हे काय म्हणाले ते मी आत्ता मादामना परत सांगितलं, तेच तुम्हाला सांगते. हे म्हणाले, ही दोघं गावाकडची आहेत, ह्यांना चांगल्या बागेत वागायची सवय नाही. आमचा ह्यांच्याशी जुजबी परिचय आहे, मी दिलगीर आहे, पुन्हा आणणार नाही. मी म्हटलं, ही आमची घरची माणसं आहेत. मरवा मी घेतला. आणि परत संधी मिळाली तर परत घेईन."

"सुनंदा!" मध्या म्हणाला. त्याला मराठीत तेवढंच सुचलं.

जुजबी परिचय! ज्याच्या वाटच्या छड्या वाटून घेतल्या, निदान माझ्या त्याला वाटल्या, त्याच्याशी जुजबी परिचय! मी त्याच्याकडे बघितलं. तो मखमलीकडे बघत होता.

मादामने डहाळी उचलली, हुंगली, आणि विचारलं. मध्याला नाही, वहिनींना. वहिनींनी उत्तर दिलं. तिने आणखी विचारलं. मग दुसऱ्या एका बाईने विचारलं. वहिनी दोन्ही हातांनी हवेत गजरा ओवून दाखवू लागल्या, अबोली कशी घ्यायची, मध्ये मरवा कसा, वर दवणा कसा. टकल्या म्हाताऱ्याने खुर्ची जवळ ओढली. मध्या उभा तो उभाच होता. बसायलाही कुणी सांगितलं नाही, आणि न सांगता बसायचं हे शिस्तीत बसत नव्हतं.

शेवटी मादामने काठी जमिनीवर आपटली आणि निकाल दिला. वहिनींनी तो आम्हाला सांगितला, "म्हणतायत, चोरीला शिक्षा झालीच पाहिजे. दर गुरुवारी येऊन मी त्या वाफ्यातलं तण काढायचं. आणि वाफ्यात काय काय आहे ते त्यांना आपल्या भाषेत सांगायचं."

हे बोलत असताना मादामने बिल्ला मखमलीत गुंडाळला आणि पर्समध्ये परत टाकला. पर्स मिटल्याचा खटका टेबलाच्या ह्या टोकापर्यंत ऐकू आला.

आम्ही गाडीत बसून परतीच्या वाटेला लागलो. मग मध्या म्हणाला, "मधुसूदन खासनीसची बायको लोकांच्या बागेत खुरपायला जाणार?"

"हो. गुरुवारी."

"आणि मिरज? जीव खात होतीस ना, मिरजेला जाऊ, मिरजेला जाऊ?"

वहिनींनी निघताना मादामच्या बशीतून पुन्हा उचललेल्या डहाळीचा अर्धा भाग मोडून ओल्या रुमालात गुंडाळला आणि इंदूच्या हातात दिला. उरलेला स्वतःच्या ओंजळीत धरला.

"तुम्ही व्हा पुढे," त्या म्हणाल्या.

आणि तो झाला पुढे! पुढच्या उन्हाळ्यात बिल्ला वहिनींच्या कोटाला लागला, आणि मंडळाच्या जेवणात मध्याची ओळख "मादाम खासनीस यांचे यजमान" अशी करून देण्यात आली. ते त्याला दोन जेवणं सोसलं. तिसऱ्याच्या आत तो "जरा दोन महिने घर बघून येतो" म्हणून मिरजेला आला आणि त्याला आता कित्येक वर्षं झाली. वहिनी दर दिवाळीला येतात, पंधरवडा राहतात, फराळ करून देतात आणि वाफ्याची काळजी लागली म्हणून परत जातात. त्यांच्या खडीत म्हणे मरवा इतका माजलाय, की ते चार लाडू आता शोधावे लागतात.

मध्या रोज सकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसतो. चहा पितो आणि नाक मुरडतो. "रस्ते बघ. कुंपण बघ. आमच्या फ्रान्समध्ये असं झाड वाढलं असतं तर…" तिकडे होता तेव्हा तो इतका फ्रेंच नव्हता. मी म्हणतो, "होय बाबा, आपला जुजबी परिचय, मी काय बोलणार?" हे मी रोज म्हणतो. इंदू म्हणते, पुरे करा आता. मी कशाला पुरं करू? मला निवृत्तीवेतनाशिवाय दुसरं सुख काय आहे?

इंदूची गुलाबाची काडी वाटेतच मेली. मरवा मात्र पावडरच्या डब्यातून आला आणि असा लागला, की त्याच्या वासाने रेल्वेचे प्रवासी मिरज स्टेशन डोळे मिटून ओळखतात. इंदू म्हणते, गल्लीच्या तोंडापर्यंत येतो. मध्या त्याच्याकडे बघून म्हणायचा, "काय हे, आकार ना उकार." एकदोनदा कात्रीही मागितली. इंदूने दिली नाही.

परवा तो चहा पिऊन उठला. चप्पल घालायला वाकला आणि मला वास आला. वारा पडला होता, कुंडी पार पलीकडे होती. मी नीट बघितलं. सदऱ्याचा खिसा ओला होता आणि त्यातून दोन करडी-हिरवी पानं वर डोकावत होती.

इतक्या वर्षांत देव इतका माझ्या बाजूने कधी नव्हता. मी खुर्चीत सावकाश मागे टेकलो.

"मध्या," मी म्हणालो, "बाजारात ढिगाने मिळतो की रे."

तो एका पायात चप्पल घालून तसाच उभा राहिला. खिशावर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.

"विकत आणलेला लागत नाही," तो म्हणाला, आणि इंदूने नुकत्याच लावलेल्या दूर्वांवर पाय देऊन चालता झाला.